लपून बसणारा बिघाड

वाचकहो, तापाचे दोन प्रकार तुम्हांला ठाऊक आहेत. एक ताप चढला की उतरतच नाही. दुसरा हिवताप. तो थंडी वाजून येतो आणि घाम येऊन जातो. रोगी दवाखान्यात जाऊन बसतो, तेव्हा त्याचे अंग गार असते. डॉक्टर विचारतात, "कुठाय ताप?" रोगी बिचारा ओशाळतो. घरी आल्यावर पुन्हा दात वाजू लागतात.

मोटारसायकलच्या विजेलाही असाच ताप येतो. गाडी वाटेत बंद पडते. मेकॅनिकच्या दारात नेली की शहाण्यासारखी चालते. असा बिघाड कसा शोधावा, ते या पाठात पाहू.

दूधवाल्याची गोष्ट

आमच्या गावात एक दूधवाला आहे. लहानपणी तो आमच्याच शाळेत होता. चौथीनंतर त्याने दप्तर खुंटीला टांगले, ते टांगलेच. पहाटे चारला उठून तो दारोदारचे दूध गोळा करतो. दोन कॅन मोटारसायकलला अडकवतो आणि साडेपाचला दूध संकलन केंद्राकडे निघतो. केंद्र ११ किलोमीटरवर आहे. सात वाजल्यानंतर तिथे दूध घेत नाहीत.

२०२२ च्या डिसेंबरात त्याची गाडी वाटेत बंद पडू लागली. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. तो उतरे, गाडी कडेला घेई, किक मारी, की गाडी पुन्हा चालू! मेकॅनिककडे नेली तर ती तासभर चालत राहिली, एकदाही बंद पडली नाही. मेकॅनिकने बॅटरी बदलली. चार दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. नंतर सी.डी.आय. बदलला. त्यानंतर रेक्टिफायर बदलला. बचत गटातून काढलेले साडेचार हजार रुपये असे संपले. दोनदा दूध परत आले.

तिसऱ्यांदा तर गाडी केंद्राच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून निभावले. कॅन मात्र दोन्ही रस्त्यावर आडवे झाले.

त्या संध्याकाळी नवरा-बायको आमच्याकडे आली. तो म्हणाला, "गुरुजी, आता गाडी विकूनच टाकतो."

बायको म्हणाली, "गाडी विकून दूध काय डोक्यावर न्यायचं?"

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. मॅट्रिक झालेले शाळामास्तर. पण एक जुनी मोटारसायकल आम्ही तीस वर्षे वापरली, आणि तिने आम्हांला पुष्कळ शिकवले. आम्ही त्याला एवढेच विचारले, "गाडी बंद पडते तेव्हा हॉर्न वाजतो का रे?"

तो बघतच राहिला. म्हणाला, "ते कोण बघतंय, गुरुजी? मी दुधाकडं बघू का हॉर्नकडं?"

वाचकहो, या एका प्रश्नात निम्मी विद्या आहे. ती कशी, ते समजायला आधी वीज गाडीत कशी फिरते ते पाहू.

वीज फिरते कशी?

विहिरीवरचा रहाट आठवा. गाडग्यांची माळ भरून वर येते, पाटात पाणी ओतते, आणि रिकामी होऊन पुन्हा विहिरीत जाते. माळ एका ठिकाणी तुटली तरी सगळे काम थांबते.

विजेचेही तसेच आहे. बॅटरीला दोन टोके असतात. एक अधिक, दुसरे उणे. वीज अधिक टोकापासून निघते असे मानतात. वाटेत मुख्य फ्यूज लागतो. पुढे चावीचा स्विच लागतो. तिथून वाटा फुटतात. एक हॉर्नला जाते, एक इंडिकेटरला, एक इंजिनच्या ठिणगीला. आपले काम करून वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या उणे टोकाला परत येते. या परतीच्या वाटेला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात.

जाण्याची वाट तुटली तर दिवा विझतो. येण्याची वाट तुटली तरीही विझतो. लोक पहिली वाट तपासतात आणि दुसरी विसरतात. सांगाड्याला जिथे अर्थची तार नटाने आवळलेली असते, तिथे गंज चढला की घोटाळा होतो.

तार पुरती तुटली तर बिघाड कायमचा होतो. तो शोधणे सोपे असते. पण तारेच्या आत केसासारखे बारीक तांब्याचे धागे असतात. वरचे प्लॅस्टिक शाबूत राहते आणि आतले धागे तुटतात. तुटलेली टोके एकमेकांना टेकली की वीज चालू. हिसका बसून दूर झाली की बंद. सैल नट, गंजलेला कपलर, झिजलेला स्विच यांतही हेच घडते. टेकले की चालू, सुटले की बंद. हाच आपला लपून बसणारा बिघाड.

पहिले काम : वही घाला

चोर केव्हा येतो हे कळले, तर त्याला पकडता येते. हा बिघाड चार गोष्टींमुळे बाहेर पडतो.

१. हिसका. खड्डा, गतिरोधक, हँडल वळवणे. अशा वेळी बंद पडली, तर तार किंवा जोड सैल आहे असे समजा.

२. उष्णता. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते. अशा वेळी ठिणगीची कॉइल किंवा इंजिनाजवळची पिकअप कॉइल यांचा संशय घ्या. तापल्यावर आतली तार ताणली जाऊन तुटक होते.

३. पाणी. पावसात किंवा गाडी धुतल्यावर बंद पडते. अशा वेळी प्लगची टोपी, कपलर आणि स्विच पाहा.

४. भार. दिवा, हॉर्न, इंडिकेटर सगळे एकदम लावले की गाडी दम टाकते. अशा वेळी बॅटरी, तिचे नट, अर्थ आणि चार्जिंग पाहा.

म्हणून आम्ही दूधवाल्याला सांगितले, "आठ दिवस गाडीला हात लावू नको. बंद पडली की तिथेच चार गोष्टी बघ. कुठे पडली, काय करताना पडली, हॉर्न वाजतो का, आणि मीटरवरचा हिरवा दिवा लागतो का. घरी येऊन लिहून ठेव."

तो म्हणाला, "गुरुजी, लिहायचं आता हाताला जमत नाही."

त्याची बायको आमच्या रात्रीच्या वर्गाला येत होती. तिला लिहायला येऊ लागून सहा महिने झाले होते. ती म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

तिने मुलाच्या जुन्या वहीची मागची पाने घेतली. त्यात असे लिहिले :

सोमवार. पहाट. पाऊस नाही. केंद्राच्या वळणावर बंद. हॉर्न नाही. हिरवा दिवा नाही.

बुधवार. देवळामागच्या बोळात बंद. हॉर्न नाही. इंडिकेटर नाही.

शुक्रवार. येताना सरळ रस्त्याला काही नाही. अंगणात गाडी फिरवताना बंद. हिरवा दिवा नाही.

शनिवारी ती वही घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, तिन्ही वेळा वळताना बंद पडलीय. आणि तिन्ही ठिकाणी उजवीकडं वळावं लागतं."

हे तिला आम्ही सांगितले नव्हते. नवरा रोज गाडी चालवत होता, पण त्याच्याही ध्यानात आले नव्हते. तीन दिवसांचे तीन प्रसंग एका पानावर एकाखाली एक आले, म्हणून तिला ते दिसले. लिहिण्याचा उपयोग तो हाच.

दुसरे काम : कोण कोण एकदम गेले?

आता हॉर्नचा प्रश्न. हॉर्न, हिरवा दिवा, इंडिकेटर आणि इंजिन ही सगळी एकदम गेली, तर बिघाड सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे. म्हणजे बॅटरीचे नट, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, त्याच्या तारा आणि अर्थ. वाटा फुटल्यानंतरचे काहीही तपासायची गरज नाही.

इंजिन बंद पडले पण हॉर्न वाजतो आहे, तर सामाईक वाट चांगली आहे. मग ठिणगीची वाट पाहा. हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच, साईड स्टँडचा स्विच असल्यास तो, कॉइल आणि प्लगची टोपी.

फक्त एकच दिवा जातो, तर त्याचा बल्ब, होल्डर आणि त्याचीच तार पाहा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. काही गाड्यांची ठिणगी बॅटरीवर चालते. दूधवाल्याची गाडी तशी होती. पण काही गाड्यांत ठिणगीची वीज इंजिनातल्या मॅग्नेटोपासून येते. अशा गाडीचे इंजिन बॅटरी मेली तरी किकने सुरू होते. तिथे इंजिन बंद करण्याची तार सांगाड्याला घासून टेकली, तरी इंजिन थांबते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, ते मेकॅनिकला आधीच विचारून ठेवा.

तिसरे काम : हलवून पाहा

गाडी मोकळ्या जागेत मोठ्या स्टँडवर लावा. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. चावी फिरवा. हिरवा दिवा लागेल. आता इंजिन चालू करायची गरज नाही. हिरव्या दिव्यावर नजर ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट हलवा. आधी बॅटरीच्या तारा, मग फ्यूजचा डबा, मग चावीचा स्विच, मग प्रत्येक कपलर. शेवटी हँडल पुरते डावीकडे आणि पुरते उजवीकडे फिरवा. दोन गोष्टी एकदम हलवल्यात तर चोर कोण ते कळणार नाही.

दूधवाल्याच्या अंगणात आम्ही तेच केले. बॅटरी हलवली. दिवा चालू. फ्यूज हलवला. दिवा चालू. हँडल उजवीकडे पुरते वळवले, आणि दिवा विझला! सरळ केले, दिवा लागला. पुन्हा वळवले, पुन्हा विझला. दूधवाला मटकन खालीच बसला.

हेडलाइटच्या मागे, हँडलच्या मानेजवळ तारांची जुडी वळते. तिथली चिकटपट्टी सोडली. चावीच्या स्विचला जाणारी एक तार वरून अगदी धडधाकट दिसत होती. पण बोटांत धरून वाकवली तर एका जागी सुतासारखी लुळी पडली. ओढली तर रबरासारखी ताणली. आतले धागे तुटले होते. मेकॅनिकच्या दारात गाडी स्टँडवर, हँडल सरळ. तिथे ती कशी बंद पडावी? मेकॅनिकचाही सगळा दोष नव्हे. त्याला कोणी वळणाचे सांगितलेच नव्हते. नवी तार, डाख आणि वर आवळणारी नळी, एवढ्याला शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत.

चौथे काम : मीटर लावा

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. हे नाव व्होल्टा या इटलीतल्या शास्त्रज्ञावरून पडले. त्याने १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. तारेच्या अडथळ्याचे माप ओहम. हे नाव ओहम या जर्मन गृहस्थावरून आले. तो एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवी. दाब, प्रवाह आणि अडथळा यांचा नियम त्याने १८२७ साली पुस्तकात मांडला. शाळामास्तरचे नाव साऱ्या जगाच्या मापाला लागले, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आज बाजारात छोटा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या दोन काड्या लावा आणि हे आकडे पाहा.

गाडी काही तास उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट : बॅटरी भरलेली.

१२ व्होल्ट किंवा कमी : बॅटरी जवळजवळ रिकामी.

इंजिन चालू करून थोडा वेग दिल्यावर १३.५ ते १४.५ : चार्जिंग ठीक.

१५ च्या वर : रेक्टिफायर बिघडला. तो बॅटरी आणि बल्ब जाळील.

पण मीटरची एक फसवणूक ओळखून ठेवा. तारेतला एकच धागा शिल्लक असला, तरी दिवा बंद असताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. नळाची चावी बंद असेल तर गाळाने भरलेल्या नळातही दाब पूर्ण असतो. तोटी उघडली की धार बारीक येते. तसेच हे. म्हणून दिवा लावून, हॉर्न दाबून, म्हणजे भार देऊन मोजा.

जोड तपासायचा असेल तर एक काडी जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावा. दिवा चालू ठेवा. मीटरने जवळजवळ शून्य दाखवले तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर तो जोड वीज खातो आहे. हिशेब सोपा आहे. ३५ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज लागते. तेवढी वीज वाहत असताना जोडात १ ओहमचा अडथळा असेल, तर ३ गुणिले १, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जातात. दिव्याला उरतात ९. मग तो मिणमिणतो.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

इथे घाई करू नका. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले, तरी गाडी काही अंतर जाऊन बंद पडते आणि थांबल्यावर सुरू होते. तो विजेचा दोष नव्हे. बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडून लावा. गाडी लगेच सुरू झाली तर झाकण साफ करा.

झाली नाही तर ठिणगी पाहा. इंजिनातला प्लग तसाच राहू द्या. टोपी काढून तिच्यात एक जुना प्लग बसवा. त्याचे लोखंडी अंग इंजिनला घट्ट टेकवा. लाकडी किंवा रबरी मुठीच्या पकडीने धरा. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. किक मारल्यावर निळसर ठिणगी दिसली पाहिजे. ठिणगीच्या तारेत हजारो व्होल्ट असतात, म्हणून उघड्या हाताने धरू नका.

दुरुस्ती करताना

बॅटरी सोडताना आधी उणे टोक सोडा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, शेवटी उणे. उलट केले आणि पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

गंज खरवडा, नट आवळा, वर थोडे व्हॅसलिन लावा. तुटलेली तार पिळून वर पट्टी गुंडाळू नका. डाख द्या किंवा नवी तार घाला. तार मानेजवळ फार ताणलेली ठेवू नका.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी कधीच गुंडाळू नका. फ्यूज हा घराचा राखणदार आहे. तो पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कुठेतरी तार सोलून सांगाड्याला टेकते आहे. राखणदाराला बांधून ठेवलेत तर गाडी पेट घेईल.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

नवीन गाड्यांविषयी

भारतात १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाला. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यांत एक छोटा संगणक आणि पेट्रोलचा पंप असतो. दोन्ही बॅटरीवर चालतात. म्हणून त्या गाड्यांना सैल नट आणि खराब अर्थ मुळीच सोसत नाही. मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहिला, तर मेकॅनिककडे यंत्र लावून दोष वाचता येतो. त्या संगणकाच्या कपलरमध्ये स्वतः काड्या खुपसू नका. वही मात्र तिथेही उपयोगी पडते. यंत्र दोषाचे नाव सांगेल, पण तुम्ही कोणत्या वळणावर होतात ते सांगणार नाही.

शेवटची गोष्ट

दूधवाल्याची गाडी त्यानंतर वळणावर बंद पडली नाही. कर्जाचे हप्ते फेडायला मात्र पुढचे पाच महिने गेले. न लागणाऱ्या वस्तूंचे ते पैसे होते. वही अजून त्यांच्या घरी आहे. आता तिच्यात दुधाचा हिशेब असतो. तारीख, लिटर आणि फॅट. मागच्या महिन्यात तिने केंद्राच्या हिशेबातली एक चूक दाखवून दिली. केंद्राने ती मान्य केली.

लक्षात ठेवा

आधी लिहा, मग हलवा, मग मोजा, आणि सगळ्यात शेवटी वस्तू बदला.

सराव

१. हिवताप आणि गाडीतला लपून बसणारा बिघाड यांत सारखेपणा काय?

२. इंजिन बंद पडले, पण हॉर्न वाजतो. बिघाड कुठे शोधाल?

३. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली तर काय होईल?

४. दिवा बंद ठेवून मीटर लावला तर तो का फसवतो? नळाचे उदाहरण देऊन सांगा.

५. घरातली एखादी वस्तू मधूनच बिघडत असेल, तर आठ दिवस वहीत तिची नोंद करा. वार, वेळ, काय करताना, आणि सोबत आणखी काय बंद पडले, हे लिहा. वही वर्गात आणा. आपण सगळे मिळून वाचू.